सात मिनिटांत ज्येष्ठमध

४ मार्च, सोमवार. सकाळी ८.५०, लॅब.
नवी वही. जुनीची पानं शिल्लक होती, पण तिच्यात गेल्या वर्षीचे संकल्प आहेत. ते नजरेस पडले की दिवसभर चिडचिड होते. ही वही फक्त माझ्यासाठी. ड्रॉवरला कुलूप, किल्ली खिशात.

मुद्दा असा. हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. औषधी वनस्पतींचा कच्चा माल तपासायला आपल्याकडे दोन-दोन दिवस लागतात. तोवर ट्रक गेटवर उभे आणि प्रॉडक्शनवाले आमच्या नावाने शंख करतात. तर जो कोणी दहा मिनिटांच्या आत खात्रीचा निकाल देणारी पद्धत बसवून दाखवेल, त्याला हेड ऑफिसात मेथड मॅनेजरची पोस्ट. २८ तारखेला कमिटी स्वतः बघायला येणार.

सर्क्युलर माझ्यासाठीच काढलंय. नाव घातलं नाही, एवढंच.

एकोणीस वर्षं या तळघरात काढली. खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला ट्रकवाल्यांच्या कपड्यांवरून कळतं. हेड ऑफिस दुसऱ्या शहरात, सहाव्या मजल्यावर, तीन बाजूंनी काचा. एकदा मीटिंगला गेलो होतो तेव्हा पूर्ण वेळ बाहेरच बघत होतो. मीटिंग कशाबद्दल होती ते आठवत नाही, पण आकाश आठवतं.

आता बस झालं. दहा नाही, सात मिनिटांत करून दाखवतो.

५ मार्च, मंगळवार. दुपारी १.१५.
पद्धत ठरली. गेल्या वर्षी साहेबांनी हौसेने एक यंत्र आणलं होतं. टॉर्चएवढं. वर्षभर त्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून झाला. आज मॅन्युअल वाचलं. चूर्णावर धरायचं, ते प्रकाश टाकतं, परत आलेला प्रकाश वाचतं आणि त्याला शिकवलेल्या अस्सल नमुन्याशी ताडून बघतं. जुळलं की हिरवा दिवा, नाही जुळलं की लाल. फक्त आधी अस्सल नमुने दाखवून शिकवावं लागतं.

नवी म्हणाली की अस्सल नमुने बाहेरून मागवू, सीलबंद, सर्टिफिकेटसकट. सहा आठवडे लागतील, कमिटीला मुदत वाढवून मागू. (नवी म्हणजे माझी असिस्टंट. येऊन दोन वर्षं झाली, पण माझ्यापुढे नवीच.) मी हसलो. घरात विहीर असताना शेजारी घागर घेऊन कोण जातं?

आपल्याकडे बरण्या आहेत! चौसष्ट. प्रत्येकीत एकेका वनस्पतीचा प्रमाण-नमुना. आलेला माल त्याच्याशी ताडून बघायचा. माझ्या आधीचे गृहस्थ बरणी तळाला गेली की हेड ऑफिसला पत्रं लिहीत बसायचे. मी आल्या आल्या हा प्रश्नच निकालात काढला. बरणी थोडी खाली गेली की नुकत्याच पास झालेल्या गोणीतून वर भरायची. पास झालेला माल अस्सलच असतो, नाहीतर पास कसा झाला असता? एकोणीस वर्षांत एकही नमुना विकत घ्यावा लागला नाही. याबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालेलं आहे.

नवीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की गोणी पास कशाशी ताडून करता. म्हटलं, बरणीशी. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कौतुक असावं. नंतर तिने मला आणि साहेबांना काहीतरी ईमेल पाठवला. वाचला नाही. कामात होतो.

७ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७.३०, घर.
जेवताना घोषणा केली. बायकोने घास खाली ठेवला आणि विचारलं, नक्की ना? कारण तिला बँकेत बदलीचा अर्ज करावा लागेल. तो वर्षातून एकदाच घेतात, वीस मार्चच्या आत. म्हटलं, नक्की. मुलीने विचारलं, मला वेगळी खोली? म्हटलं, बाल्कनीसकट. देऊन टाकली.

सासरे आमच्याकडेच असतात. सहा महिने खोकतायत. मी कंपनीचं ज्येष्ठमधाचं सिरप आणून देतो, ते पितात आणि सरबत बरंय म्हणतात. आज म्हणाले, जावईबापू, तुम्हालाच घेणार आहेत ना, की तुमच्यासारखं कोणीतरी? मी भात वाढून घेतला. त्यांचं वय झालंय.

११ मार्च, सोमवार. दुपारी ४.००.
आज वेळेचा चांगला उपयोग झाला. एकांत मिळाला.

बरण्यांच्या खोलीत यंत्राला शिकवायला गेलो होतो. दार आपोआप लागतं आणि दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडतं. सुरक्षेसाठी हे कुलूप मीच बसवून घेतलंय. किल्ली बाहेर, खुंटीवरच्या कोटात. दिव्याचं बटणही बाहेर. ते जाता जाता शिपायाने बंद केलं. वीजबचत मोहीमही माझीच.

१२.४० ते ३.१५. आरडाओरडा केला नाही. सीनियर अ‍ॅनालिस्टने दार बडवणं बरं दिसत नाही. अडीचच्या सुमारास थोडं ठोकलं, पण दार तपासून बघतोय अशा बेताने. मोबाईलला रेंज नाही. त्याच्या उजेडात यंत्राला पाच बरण्या शिकवल्या, मग बॅटरी संपली. भूक लागली म्हणून सतरा नंबरच्या बरणीतलं ज्येष्ठमध तीन-चार चमचे खाल्लं. अंधारात हेड ऑफिसमधल्या माझ्या टेबलाची जागा ठरवली. पूर्वेची काच.

शेवटी नवीने दार उघडलं. कधीपासून आत आहात, विचारलं. म्हटलं, हा काय, आत्ताच आलो. ती म्हणाली, तुमचा डबा एक वाजल्यापासून टेबलावर आहे. मुलगी हुशार आहे, पण कुठे गप्प बसावं ते कळत नाही.

बाहेर आल्यावर सतरा नंबरची बरणी वरपर्यंत भरून ठेवली, सकाळीच पास केलेल्या गोणीतून. जुन्या सवयी चांगल्या असतात.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ११.१०.
कंपनीचं वार्षिक मेडिकल. डॉक्टरने सवयी विचारल्या. सांगितलं, तंबाखू नाही, सिगरेट नाही, फक्त घशासाठी तासातासाला ज्येष्ठमधाची चिमूट. सगळं त्याच बरणीतलं. डॉक्टर चपापले. म्हणाले, इतकं ज्येष्ठमध रोज खाणाऱ्याचं बी.पी. चढायला हवं. माझं १२०–७८! विशीतल्या पोराचं असतं तसं. शुगर मात्र रेघेच्या वर. गोड खाता का, म्हणाले. मी दहा वर्षांत गोडाला हात लावलेला नाही. डॉक्टर डोकं खाजवत बसले. माझ्या प्रकृतीपुढे वैद्यकशास्त्राने हात टेकले, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

नवीला गंमत म्हणून सांगितलं. तिने कागदावर लिहून घेतलं: बी.पी. नाही, शुगर आहे. मग सतरा नंबरमधलं एक चमचा मागितलं, काहीतरी बघायचंय म्हणाली. दिलं नाही. प्रमाण-नमुना म्हणजे काय ज्युनियर लोकांनी चमचा घालायची वस्तू आहे?

१९ मार्च, मंगळवार. रात्री ८.१५, घर.
बायकोने बदलीचा फॉर्म भरला. सहीपूर्वी पेन हातात धरून पुन्हा विचारलं, नक्की ना? एकदा आदेश निघाला की मागे घेता येत नाही, आणि तीन वर्षं दुसरी बदली मागता येत नाही. मी जरा रागावलो. एकोणीस वर्षांत मी कधी चुकीचा रिपोर्ट दिलाय? तिने सही केली. नंतर स्वयंपाकघरात गुणगुणत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असेन. बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

२२ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.४०.
रंगीत तालीम. गोदामातल्या चाळीस गोण्या, चाळीस हिरवे दिवे! एका गोणीला सहा मिनिटं चाळीस सेकंद, आणि त्यातली सहा मिनिटं गोणी सोडण्यात गेली.

साहेबांनी पाठ थोपटली. हा माणूस एरवी भोपळा, पण आज गोड बोलला. कमिटीपुढे प्रास्ताविक तोच करणार म्हणे. करू दे.

नवीचं तोंड उतरलेलं. विचारलं तर म्हणाली, चाळीसपैकी एकही लाल नाही, याचीच मला भीती वाटते. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

२८ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५.३०, लॅब.
सगळं नीट पार पडलं. जवळजवळ.

कमिटीत तिघं. दोघे टाय लावलेले आणि एक बाई, साध्या, हातात लहानशी पिशवी. भोपळ्याने बावीस मिनिटं प्रास्ताविक केलं. मग मी आपल्या ज्येष्ठमधाच्या गोणीवर यंत्र धरलं. हिरवा. एका टायवाल्याने टाळी वाजवली. मी सहाव्या मजल्यावर पोचलो होतो.

मग बाईंनी पिशवीतून सीलबंद पुडी काढली. म्हणाल्या, हेही बघा. आमच्या बागेतलं ज्येष्ठमध, आम्हीच खणून काढलेलं आणि वाळवलेलं, त्यामुळे शंकेला जागा नाही. चूर्ण करून यंत्र धरलं. लाल.

पुन्हा धरलं. लाल. बॅटरी बदलली. लाल. मी नम्रपणे म्हटलं की आपली पुडी दमट झाली असावी. बाईंनी त्याच मुळीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला, चावा म्हणाल्या.

चावला. आधी काही नाही, आणि मग असा गोडवा आला की तोंड भरून गेलं. जिभेच्या मुळापर्यंत गेला, तो अजूनही जात नाहीये. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, फार गोड आहे, मला संशयास्पद वाटतं.

एकोणीस वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्या दिवशी, असंच काहीतरी चाखल्याचं आठवलं. पण तसं बोललो नाही.

उद्या जुन्या पद्धतीने दोन्ही नमुने तपासणार आहेत. म्हणजे त्यांचीच चूक त्यांना कळेल.

२९ मार्च, शुक्रवार. रात्री ९.००, घर.
कळली. माझी.

नवीने दोन्हींचे अर्क काढून एकाच काचेवर शेजारी शेजारी ठिपके चढवले. दिव्याखाली त्यांचा ठिपका ठसठशीत. आपला त्याच जागी होता, पण दहा धुण्यांनंतर कपड्यावर डाग राहावा तसा. मग मायक्रोस्कोप. आपल्या चूर्णात मक्याचं पीठ भरपूर. आणि पिठीसाखर.

नवीने कमिटीला शांतपणे समजावलं. अकरा वर्षांपूर्वी पुरवठादाराने अख्ख्या मुळ्या देणं बंद केलं आणि चूर्ण द्यायला लागला. प्रत्येक खेपेत तो चिमूटभर पीठ वाढवत गेला. गोणी बरणीपेक्षा किंचित हलकी, म्हणून पास. तीच गोणी बरणीत. मग पुढची गोणी या हलक्या बरणीशी ताडायची. पुन्हा पास, पुन्हा बरणीत. अशा पायऱ्या उतरत आलो आणि प्रत्येक पायरीवर माझी सही आहे. यंत्राने काहीच चूक केली नाही. मी शिकवलं तेच ते शिकलं.

बाईंनी विचारलं, चव कधी बदलली ते तुम्हाला कळलं नाही? मी म्हटलं, गोडच लागत होतं. आणि त्याच क्षणी मला बी.पी. आठवलं, आणि शुगर. डॉक्टरच्या दोन आकड्यांत सगळा रिपोर्ट होता. नवीने तो पंधरा दिवसांपूर्वीच वाचला होता.

सिरपचा सगळा माल बाजारातून परत मागवायचा हुकूम निघाला. भोपळा पूर्ण वेळ छताकडे बघत होता. कमिटीपुढे त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

घरी सासरे खोकत होते. सरबत दिलं नाही, कोमट पाणी दिलं.

१ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.३०.
शनिवार-रविवार विचार केला. निराश व्हायचं कारण नाही. प्रश्न काय होता? दहा मिनिटांच्या आत खात्रीचा निकाल. निकाल लागला की नाही? माझ्या पद्धतीने सहा मिनिटं चाळीस सेकंदांत अकरा वर्षांची चूक पकडली! दुसऱ्या कोणाच्या पद्धतीने पकडली का? उलट हे यशच म्हणायचं. कमिटीला दोन पानी पत्र लिहिलं. पत्राचा सूर खंबीर ठेवलाय.

घरी अजून काही सांगितलेलं नाही. निकाल हातात आल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नसतो.

३ एप्रिल, बुधवार. दुपारी २.२०.
कमिटीचं उत्तर आलं. माझं म्हणणं त्यांना पटलं! पद्धत उत्तम आहे, सगळ्या कारखान्यांत बसवायची असं ठरलं. त्यासाठी अस्सल नमुन्यांचा नवा संग्रह हेड ऑफिसात करायचा. त्या कामावर, सहाव्या मजल्यावर, मेथड मॅनेजर म्हणून, नवी.

बाहेरचे नमुने मागवा असा तिने ५ मार्चलाच लेखी ईमेल पाठवला होता म्हणे.

माझ्यासाठी वेगळा परिच्छेद आहे. चौसष्ट बरण्यांपैकी कुठली शुद्ध, कुठली भेसळीची, हे कोणालाच माहीत नाही. प्रत्येक बरणी जुन्या, संथ पद्धतीने तपासायची: भिजवणं, गाळणं, राख, मायक्रोस्कोप, काच. एकेका बरणीत एकोणीस वर्षांचे थर, म्हणून बरणीला दोन आठवडे. हे काम बरण्या ज्याच्या ताब्यात होत्या त्यानेच करायचं. ते संपेपर्यंत त्याची बदली नाही.

चौसष्ट गुणिले दोन. एकशे अठ्ठावीस आठवडे. अडीच वर्षं होतात. तीनदा गुणाकार केला. कॅल्क्युलेटरवरही केला.

साहेब म्हणाले, कुठली बरणी कधी आणि कुठल्या गोणीतून भरली याची नोंद असेल तर काम दोन महिन्यांत आटपेल. अशी काही नोंद आहे का? बघून सांगतो म्हटलं.

६ एप्रिल, शनिवार. सकाळी ११.००, घर.
नोंद आहे. माळ्यावर, माझ्या जुन्या वह्यांत. एकोणीस वह्या. बरणी भरली की मी त्या दिवशी आनंदाने लिहून ठेवायचो. बरणीचा नंबर, गोणीचा नंबर, तारीख. सगळं शिस्तीत. सुटका माळ्यावर ठेवलेली होती. आज खाली काढली.

अडचण अशी आहे की वाक्य तिथे संपत नाही. नमुन्यादाखल: 'बरणी ९ भरली, गोणी ४१२. भोपळ्याने आज माझी कल्पना स्वतःची म्हणून वर पाठवली.' किंवा: 'बरणी २२, गोणी ९०. भोपळ्याच्या केसांच्या टोपाला पंख्याची हवा लागली आणि सगळ्या मीटिंगला उत्साह आला.' किंवा बरणी ४०, तिथे तर त्याच्या सासुरवाडीपर्यंत गेलोय.

ब्लेड घेऊन बसलो. पण पानाच्या पुढच्या बाजूला भोपळा आणि मागच्या बाजूला बरणी, नाहीतर उलट. नऊ पानं कापली, त्यात सात बरण्या गेल्या. नुसते आकडे उतरवून द्यावेत म्हटलं, तर मूळ कागदच लागतो. नियम माझाच. 'नक्कल ग्राह्य नाही.' लॅबच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय.

बायकोने विचारलं, काय शोधतोयस? म्हटलं, बदलीचे जुने कागद. ती खूश झाली. मी खोटं बोललो असं नाही. आधी बोललेलं मागे घेतलं नाही, एवढंच.

८ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.०५.
साहेबांना सांगितलं, नोंद नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ४.४५.
नवीचा निरोप समारंभ. केक, दोन भाषणं. माझं जास्त लांबलं. मार्गदर्शन या विषयावर होतं. नवी म्हणाली की मी सरांकडून खूप शिकले. कोणी हसलं नाही. ती मनापासून म्हणत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. तिचा राग यावा म्हणून मी दिवसभर प्रयत्न केला. येत नाही.

जाताना म्हणाली, सर, त्या खोलीचं कुलूप तरी बदलून घ्या. बघतो म्हटलं.

१८ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७.००, घर.
बायकोचा आदेश आला. मंजूर. तीन जूनला तिकडच्या शाखेत हजर व्हायचं. घरात दिवाणखाना दणाणून गेला. मुलीने खोलीचे पडदे कुठल्या रंगाचे ते ठरवलं. सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, मी चुकलो जावईबापू, तुम्ही करून दाखवलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाठ थोपटली. तेवढ्या वेळात मी सांगायला हवं होतं, पण आणखी एक मिनिट थांबावंसं वाटलं.

मग सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. तीन तारीख, अडीच वर्षं, नवी, बरण्या. वह्यांचं सांगितलं नाही.

मुलगी आत निघून गेली. बायकोने आदेशाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. म्हणाली, तुला तीन तारखेला कळलं होतं. आज अठरा आहे. दहा तारखेपर्यंत अर्ज मागे घेता येत होता.

मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत जाऊन पोरीजवळ बसली. सासरे बराच वेळ तिथेच उभे होते. मग त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं.

२१ एप्रिल, रविवार. दुपारी १२.३०.
नवा प्लॅन. एक नव्हे, दोन बरण्या एकाच वेळी चालवायच्या. आठवड्याचे सातही दिवस. सुट्टी नाही. चौदा महिन्यांत मोकळा. बायकोला तक्ता करून दाखवला, रंगीत. ती म्हणाली, छान आहे, आणि कपड्यांच्या याद्या करायला लागली. ती जाणार. मुलीचं कॉलेज तिकडेच. सासरेही जाणार, लेकीशिवाय त्यांचं कसं होईल? मी विचारलं, माझं? म्हणजे विचारणार होतो.

१७ मे, शुक्रवार. संध्याकाळी ५.१५, लॅब.
सीलबंद नमुने आले. पाठवणारीची सही नवीची. बरणी क्रमांक १ भिजत घातली. दोन बरण्या एकाच वेळी चालवता येत नाहीत, भट्टी एकच आहे. रविवारी गेट बंद असतं. तक्ता काढून ठेवला.

१ जून, शनिवार. संध्याकाळी ६.४०, घर.
सकाळी टेम्पो आला, दुपारी ते गेले. मुलीने वॉशिंग मशीन कसं लावायचं ते कागदावर लिहून दिलं, चित्रांसकट. सासऱ्यांनी गाडीत बसताना माझा हात धरला आणि सोडेनात. बायकोने गॅस, नळ, दूधवाला सगळं सांगितलं. मी म्हटलं, दर शनिवारी येईनच. तिकडे जायला नऊ तास लागतात आणि परत यायला नऊ, हे दोघांनाही माहीत होतं. ती म्हणाली, झेपेल तसं ये.

घर मोठं वाटतं. एरवी मला शांतता हवी असायची. आता आहे. मला ती नकोय.

१० जून, सोमवार. संध्याकाळी ७.२०, घर.
बरणी क्रमांक १ चा निकाल आला. अनिर्णित. पुन्हा करायची.

बायकोचा फोन आला होता. घर लागलं. दोन बाजूंनी खिडक्या आहेत, पोरीची बाल्कनी आहे. वडील रोज खाली फिरायला जातात. आज ती जेवणाचं टेबल बघायला गेली होती, दुकानातूनच बोलत होती. किती जणांचं घेऊ, तिने विचारलं. मी म्हटलं, चार खुर्च्यांचं घे. मागे दुकानदार काहीतरी सांगत होता. मग म्हणाली, सध्या तीनच घेते, चौथी ठेवली तर दार नीट उघडत नाही. लागली तर मागाहून आणू.

मी म्हटलं, हो, मागाहून आणता येईल.